पांढुर्ण्याचा ताम्रपट आणि 'मार्ग' हा शब्द

आपल्या भागात वाकाटकांचा विषय निघाला की गप्पा लगेच रोमच्या जहाजांवर जातात. जहाजं राहू द्या, आधी हातात काय आहे ते बघू. पांढुर्ण्याचा ताम्रपट दुसऱ्या प्रवरसेनाच्या २९व्या राज्यवर्षातला, म्हणजे पाचव्या शतकातला. वा. वि. मिराशींनी वाकाटक लेखांच्या १९६३च्या खंडात तो घेतला. जुनी गावं आजच्या नावांशी जुळवून भूगोल उभा करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही.

पण एक तक्रार आहे. शेजारच्या मुलताई तालुक्यातल्या पट्टणच्या ताम्रपटात 'वरदाखेट मार्ग' येतो. वरदाखेट म्हणजे वरूड, हे मिराशींचं म्हणणं पटतं. मात्र 'मार्ग' म्हणजे परगण्यासारखा विभाग, एवढ्यावर काम भागवलं जातं. अहो, महसुली विभागाला रस्त्याचं नाव का द्यावं लागलं? रस्ता आधी आणि विभाग नंतर, असं माझं वाचन आहे. सिद्ध करता येणार नाही, पण प्रश्न विचारायलाच हवा होता.

दुसरं टोक रामशरण शर्मांचं. 'अर्बन डिके इन इंडिया' (१९८७) म्हणतं की या काळात शहरं ओसरली, लांबचा व्यापार आटला. नाण्यांचा तुटवडा आणि जमिनींची दानं बघता आपले ताम्रपट त्यात चपखल बसतात. जरा जास्तच चपखल. दानपत्रात बाजार शोधायचा आणि सापडला नाही म्हणून बाजारच नव्हता म्हणायचं, हे काही खरं नाही. त्याच दानपत्रांच्या सवलतींत मीठ खणण्याचा आणि मद्याचा राजाचा हक्क सोडल्याचं येतं. म्हणजे एरवी त्यावर राजाची नजर होती. नगरधनच्या उत्खननात प्रभावतीगुप्तेचं मातीचं मुद्रांकन मिळालं. ते काहीतरी बंद करून पाठवायलाच लागतं.

माल किती लांब गेला ते राहू द्या, काव्य मात्र फार लांब गेलं. 'सेतुबंध' याच प्रवरसेनाचं, असं मिराशी मानतात (काही जण काश्मीरच्या प्रवरसेनाचं म्हणतात). नवव्या शतकाच्या अखेरीस कंबोडियात यशोवर्म्याच्या लेखात प्रवरसेनाच्या सेतूचा उल्लेख आहे. महाराष्ट्री प्राकृतातलं काव्य तिथवर पोचलं ते कोणाच्या तरी सामानातूनच ना?

पट्टण, पांढुर्णा, वरूड आणि वर्धेचा उगम एका नकाशावर मांडून बघा. घाटातून उतरणारी वाट कुणाला माहीत असेल तर तीही आखा.