पौरुषाचें माप आणि खानदेशी भिल्ल पलटण

१८८० सालच्या खानदेश गॅझेटियरांतील भिल्लांविषयींचा भाग आमच्या बहुतेक वाचकांनीं चाळला असेल. माहितीचा सांठा म्हणून त्याची योग्यता मोठी. परंतु त्यांत गृहीत धरलेली पौरुषाची कल्पना तपासल्यावांचून त्याचा आधार घेणें आम्हांस इष्ट वाटत नाहीं.

पाणिनीय व्याकरणांत 'पौरुष' शब्द दोन अर्थीं सिद्ध होतो: पुरुषाचा भाव किंवा कर्म हा एक, आणि पुरुषभर माप हा दुसरा. गॅझेटियरकार भिल्लांच्या कर्माविषयीं बोलतो खरा, पण मोजतो मात्र सरकारी मापानें. १८२५ सालीं जेम्स औट्रमनें धरणगांवास भिल्ल पलटण उभारली. तत्पूर्वीं सातपुड्यांतील भिल्लाचें धाडस म्हणजे लुटारूपणा. अंगावर गणवेष चढतांच तेंच धाडस शौर्य ठरलें. खाज्या नाईक सेंधवा घाटाच्या बंदोबस्तास होता तोंवर सरकारी नोकर. १८५७ सालीं उठला तेव्हां बंडखोर. मनुष्य तोच, माप धरणाऱ्याची गरज तेवढी पालटली.

पलटणीमुळें अनेक भिल्लांस स्थिर उपजीविका लाभली, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण उपकार हा न्यायनिवाडा नव्हे.

म्हणून धुळें-जळगांवकडील संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, मोडी कागदांत 'नाईक' असेल तेथें सूचींत 'दरोडेखोर' लिहूं नये. मूळ शब्द जसाच्या तसा उतरावा, आणि विशेषण असल्यास तें कोणी लाविलें हेंही नोंदवावें. सूचींतील एका शब्दानें मनुष्याचें पौरुष पुसलें जातें, आणि पुढील अभ्यासक त्यासच पुरावा मानतो.