दार नसलेला जिना

जिना चढून वर जावे आणि तेथे दारच नसावे, तर माणसाने काय करावे? मुकाट्याने दुसऱ्या बाजूने खाली उतरावे! १९७२ साली तोक्योच्या योत्सुया भागात अकासेगावा गेन्पेई हा चित्रकार मित्रांबरोबर जेवायला निघाला असता, उतारूंच्या एका जुन्या विश्रामगृहाला लागून असा जिना त्याला दिसला. दोन्हीकडून पायऱ्या, वर लहानसा कट्टा, आणि आत शिरायला वाट नाही. पण खरी गंमत पुढेच आहे. जिन्याच्या कठड्याचा एक भाग मोडला होता आणि तेथे कोणीतरी नवे लाकूड बसवून तो नीट केला होता!

उपयोग सरला, तरी जतन चालू अशा वस्तूंना अकासेगावाने ‘कलेपलीकडची कला’ म्हटले आणि १९८५ साली त्यांवर पुस्तक काढले. (हजार येनच्या नोटेची नक्कल छापून ती कला आहे असे कोर्टात सांगणारा, आणि १९६७ साली दोषी ठरलेला कलावंत तो हाच.) त्याचे म्हणणे असे की, कलावंत कला जाणूनबुजून करतो, या वस्तू मात्र कोणाच्याही नकळत घडतात. त्यांना कर्ता नाही, पाहणारा तेवढा आहे.

इंग्रजी अनुवादातून मी हे प्रथम वाचले तेव्हा पोटभर हसलो. दुसऱ्या वाचनात मात्र दोन ठिकाणी अडलो.

पहिले ठिकाण नावाचे. या वस्तूंना त्याने ‘तोमासोन’ हे नाव दिले, ते गॅरी थॉमासन या अमेरिकन बेसबॉलपटूवरून. तोक्योच्या योमिउरी जायंट्स संघाने त्याला मोठ्या मोबदल्यावर आणले, पण त्याची बॅट फिरे आणि चेंडूला लागत नसे. म्हणजे हाही निरुपयोगी, पण जपलेला! कोटी झकास आहे, यात शंका नाही. पण १९८१ च्या पहिल्याच हंगामात याच माणसाने वीस होमरन काढले होते, ते कोठे गेले? जिन्याला हसलेले चालते. जिन्याला घरदार नसते.

दुसरे ठिकाण एकोदा स्टेशनच्या तिकिटखिडकीचे. ओचानोमिझूचे सिमेंटने बुजवलेले दार मला तितकेसे भावले नाही, पण ही खिडकी मनातून जात नाही. वर्षानुवर्षे पैसे सरकवून सरकवून तिच्या कट्ट्याला खळगा पडला होता. खिडकी बंद झाली, तिच्यावर प्लायवूड ठोकायचे ठरले, आणि ठोकणाऱ्याने फळीची खालची कड त्या खळग्याच्या वळणाबरहुकूम कापली. सरळ फळी ठोकून तो घरी जाऊ शकला असता. त्याला कोण विचारणार होते?

हे नकळत झाले, असे अकासेगावा म्हणतो. मला ते पटत नाही. ज्याने तो खळगा बोटाने चाचपला, मापला आणि करवत हाती घेतली, त्याला आपण काय करतो आहोत हे चांगले ठाऊक होते. नाव द्यायचेच होते, तर ते त्याचे शोधायचे.