हललं म्हणजे झालं?

निवृत्त झाल्यावर माणसानं काय काय शिकू नये, याची एक यादी पेन्शनच्या कागदांबरोबरच मिळायला हवी. ती न मिळाल्यामुळे मी वयाच्या 61व्या वर्षी अक्षरं आणि चित्रं हलवायला शिकलो. निमित्त मेव्हणीच्या मुलीच्या लग्नाचं. पत्रिका छापायची नाही, मोबाईलवर पाठवायची आणि तीही हलती, असं ठरलं. बाहेरच्या माणसानं सांगितलेला आकडा ऐकून मी बैठकीत म्हणालो, "त्यात काय अवघड आहे?" आमच्या घराण्यावर आजवर जी जी संकटं आली, ती याच वाक्याचं बोट धरून आली आहेत.

पुतण्यानं संगणकात एक सॉफ्टवेअर घालून दिलं. 1993 साली अमेरिकेत आफ्टर इफेक्ट्स नावाचं निघालं, त्याच कुळातलं हे. नाटक-सिनेमांची परीक्षणं येतात, मग याचं का येऊ नये? तेही शेवटी मास्तरच, आणि मास्तरांचे गुणदोष ओळखण्यात माझी 34 वर्षं गेली.

आधी गुण. कीफ्रेम ही कल्पना ज्याला सुचली त्याला माझा दंडवत. पहिल्या क्षणी गणपती डावीकडे ठेवायचा आणि तिथं एक खूण ठोकायची. पाच सेकंदांनी तो मध्यभागी ठेवायचा, दुसरी खूण. सेकंदाला 25 चित्रं धरली तर झाली 125. त्यातली दोन तुमची, उरलेली 123 यंत्र काढतं. पूर्वी ही मधली चित्रं काढायला स्टुडिओत कनिष्ठ चित्रकारांची फौज बसायची. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या (1913) आधी वाटाण्याच्या वेलाची वाढ फिल्मवर टिपली, तेव्हा मधली चित्रं पुरवायला खुद्द वाटाणाच होता. आणि वाटाण्याला घाई नसते.

पाच गोष्टी आल्या की पाया झाला, असं पुतण्या म्हणाला. वस्तू कुठं आहे, केवढी आहे, किती वळली आहे, किती पारदर्शक आहे आणि कोणत्या बिंदूभोवती फिरते. पहिल्या चार मला दुपारच्या चहाआधी आल्या. पाचवीनं आठवडा खाल्ला. मी नवरदेवाला हात जोडायला लावले, तर त्याचा उजवा हात खांदा सोडून स्वतःच्याच मध्याभोवती पंख्यासारखा गरगरू लागला. बायको म्हणाली, "अहो, मुलगा चांगला इंजिनिअर आहे, त्याला असं काय करताय?" तो अँकर पॉइंट नावाचा बिंदू आधी खांद्यावर नेऊन ठेवायचा असतो. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली इथून जवळच, सांगलीत, 'सीतास्वयंवर' केलं हे आम्हांला पाळण्यातच सांगतात. पण त्यांनी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या. हाताची खीळ खांद्यातच हवी, हे त्यांना कुणी व्हिडिओ दाखवून शिकवलं नसणार.

मग 'ईझ'. यंत्राला नुसतं सोडलं तर ते वस्तूला एकाच वेगानं नेतं आणि टोकाला खाडकन थांबवतं. मागावरच्या धोट्यासारखं. आमच्या माधवनगरात मागांचा खडखडाट ऐकतच माणसं मोठी झाली, त्यामुळे मला त्यात काही गैर वाटेना. पण गणपती धोट्यासारखा आपटून चालेल का? तो झोपाळ्यासारखा यायला हवा, टोकाशी येताना हळू होत. एक कळ दाबली की तेही होतं. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या जुन्या चित्रकारांनी 1981च्या पुस्तकात हलत्या चित्राची 12 तत्त्वं सांगितली, त्यांतलं हे एक. त्यांची आख्खी हयात त्यात गेली, मला एक कळ लागली. इथंच माझा या मास्तरावरचा संशय सुरू होतो.

कारण ज्याची कळ आहे तेवढंच तो शिकवतो. अक्षर उसळवायची कळ आहे, विरघळवायची आहे, एकेक अक्षर आभाळातून पाडायची आहे. मी सगळ्या वापरल्या. वधूचं नाव उसळत आलं, वराचं गिरक्या घेत आलं, मुहूर्त डावीकडून शिरून उजवीकडून पसार झाला. घरच्यांनी तीनतीनदा पाहिलं. "छान!" "भारीच!" पुण्याच्या मावशींनी तर फुलं पाठवली, मोबाईलवरची.

आमच्या गल्लीत पेंटरमामा राहतात. फ्लेक्स येण्याआधी दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या असत. अजूनही त्यांचा 'क्ष' पाहिला की गुण द्यावेसे वाटतात. त्यांना मोठ्या कौतुकानं दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"सर, पोरीचं नाव काय वो?"

"आलं की आत्ता!"

"आलं न् गेलं. वाचायचं कवा?" आणि मग अगदी सौम्यपणे, "पाटी हलत न्हाय. माणूस हलतंय. त्यो जाता जाता वाचतोय."

मी रात्री बसून दोन खुणांच्या मध्ये चांगली चार सेकंदांची जागा मोकळी सोडली. सोपं वाटतं, पण त्या 100 चित्रांत काहीच होत नाही हे पाहताना हाताला सारखी खाज सुटते. निदान एखादं फूल तरी पाडावं! नाही पाडलं. या कामाला मात्र कळ नव्हती.

सकाळी पेंटरमामांना पुन्हा बोलावलं. नावं शांतपणे आली आणि उभी राहिली. मुहूर्त आला, तोही उभा राहिला. मामांनी ओठ हलवत वाचला.

"ब्येस. आता वाचतंय. पन सर, मुहूर्त 11 वाजून 35चा म्हनला होता न्हवं? हितं 12 लिवलंय."

आधीची उसळती पत्रिका एव्हाना तासगावपासून इचलकरंजीपर्यंत सगळ्यांना पोचली होती. मी घाबरून एकेकाला फोन लावत सुटलो. "वेळ चुकलीय, 12 नव्हे, 11!" सगळ्यांनी मला धीर दिला. पत्रिका फारच सुंदर झाली आहे म्हणाले. वेळ मात्र एकालाही आठवत नव्हती.