जोडणी तोडली, पुढे काय?

मंडळी, आज आपण टीसीपीव्ह्यू हे छोटं साधन तपासतोय. विंडोजसाठीच्या सिसइंटर्नल्स संचातलं हे साधन. २००६ मध्ये तो संच मायक्रोसॉफ्टने घेतला. आपला संगणक कुठल्या सर्व्हरशी बोलतोय, कुठल्या प्रोग्रॅममार्फत, हे ते ओळीओळीने दाखवतं. ओळीवर राइट-क्लिक केलं की जोडणी बंद करता येते. सोय आहे, पण तिच्यावर किती विसंबायचं?

जोडणी तुटते, ती उघडणारा प्रोग्रॅम मात्र चालूच असतो. दुसऱ्या क्षणी तो नवी जोडणी उघडू शकतो. सर्व्हरवर सुरू केलेलं कामही तिकडे चालू राहू शकतं. घरातला नळ बंद केला म्हणून विहिरीवरची मोटर थांबत नाही, तसंच हे.

दुसरी उणीव मोठी. पत्ता दिसतो, पण पलीकडचा खरा की तोतया, ते कळत नाही. ऑगस्ट २०१८ आठवा. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ११ आणि १३ तारखेला सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले. आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधूनही पैसे काढले गेले. बनावट स्विच मधे बसवून व्यवहारांना मंजुरी दिली जात होती. अशा वेळी जोडणी चालू आहे, एवढंच सांगणाऱ्या यादीवरून तोडायचं कुणाला, हे ठरत नाही.

आमचं मत असं: हे साधन बघण्यासाठी उत्तम, तोडण्यासाठी अपुरं. आधी प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरमधून चालतोय ते बघा. हल्ल्याचा संशय असेल तर यादी फाइलमध्ये जतन करा, मगच हात लावा. ओळ गेली की पुरावाही जातो.