प्रौढ नायिका आणि वास्तवतेचा निकष

प्रेमकथेची नायिका विशीतली असावी, हा दूरचित्रवाणी मालिकांचा संकेत इतका रूढ होता की तो संकेत आहे याचेही भान राहिले नव्हते. झी मराठीवर जुलै २०१९ ते मार्च २०२१ या काळात चाललेल्या ‘अग्गंबाई सासूबाई’ या मालिकेने तो मोडला. बऱ्याच वर्षांपूर्वी विधवा झालेली, मुलाचे लग्न झालेली, सासऱ्यांच्या धाकात वावरणारी आसावरी कुलकर्णी (निवेदिता सराफ) ही येथे नायिका आहे. तिच्याच वयाच्या टप्प्यावरचा शेफ अभिजित राजे (गिरीश ओक) तिच्या प्रेमात पडतो आणि सून शुभ्रा (तेजश्री प्रधान) हा विवाह घडवून आणते. पुढे २०२१ मध्ये सोनी मराठीवर आलेल्या ‘अजूनही बरसात आहे’ या मालिकेतही मीरा आणि आदिराज (मुक्ता बर्वे, उमेश कामत) हे नायक-नायिका तिशी ओलांडलेले होते. अशा मालिकांविषयी ‘यातली माणसे खरी वाटतात’ असे सहजपणे म्हटले जाते. हे ‘खरे वाटणे’ नेमके कशावर उभे आहे आणि कोठे डळमळते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

साध्या साड्या, ओळखीचे स्वयंपाकघर, रोजची बोली यांनी वास्तवाचा आभास निर्माण होतो. पात्र मात्र त्यामुळे वास्तव होत नाही. प्रौढ नायिकेच्या बाबतीत तर एक स्वतंत्र निकष लावावा लागेल. वय हे पात्राचे केवळ विशेषण असू शकते किंवा ते त्याच्या वागण्याचे कारण असू शकते. नायिका पन्नाशीची आहे असे सांगून तिला विशीतल्या मुलीसारखे लाजायला, रुसायला आणि निर्णय घ्यायला लावले, तर तिचे वय फक्त विशेषण ठरते. तिने जगलेली वर्षे तिच्या भीतीत, सवयींत आणि चुकांत उतरली, तरच ते कारण ठरते. पहिल्या प्रकारात प्रेमकथा तीच राहते, फक्त मुखवटा बदलतो. दुसऱ्या प्रकारात प्रेमकथेचा घाटच बदलावा लागतो.

या निकषावर आसावरी बऱ्याच अंशी उतरते. तिचे भित्रेपण हा स्वभावाचा अलंकार नसून एका घरात काढलेल्या वर्षांचा तो साचलेला परिणाम आहे. याहून महत्त्वाचे आहे ते मुलाशी असलेले तिचे नाते. सोहम हा आळशी, आत्मकेंद्री तरुण आहे आणि त्याला तसा घडविण्यात आसावरीच्या आंधळ्या मायेचा वाटा आहे. वैधव्याची पोकळी तिने मुलाने भरून काढली आणि त्या मायेतूनच तिच्या सुखाच्या आड येणारा माणूस तयार झाला. ‘बबड्या’ हे त्याचे लाडाचे नाव पुढे महाराष्ट्रभर लाडावलेल्या मुलांसाठी सर्रास वापरले गेले. प्रेक्षकांनी यात स्वतःच्या घरातले काहीतरी ओळखले, याचा हा पुरावा मानता येईल. नायिका स्वतःच्या दुःखाला अंशतः जबाबदार असणे, ही आपल्या मालिकांत दुर्मीळ गोष्ट आहे. तेथे सोसणाऱ्या स्त्रीचे चारित्र्य साधारणतः निर्दोषच राखले जाते.

ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये सपाट आणि गोलाकार पात्रांचा भेद सांगितला. वाचकाला पटेल अशा रीतीने चकित करण्याची क्षमता, ही त्यांच्या मते गोलाकार पात्राची कसोटी. दैनंदिन मालिकेचा व्यवहार या कसोटीच्या विरोधात जाणारा आहे. रोज अर्धा तास भरावयाचा आणि मधले दोन भाग चुकलेल्या प्रेक्षकालाही पात्र तत्काळ ओळखू यावयाचे, तर पुनरावृत्ती अटळ ठरते. म्हणूनच आसावरीचे दबणे, सावरणे आणि पुन्हा दबणे असे आवर्तन सुरू होते. सुरुवातीला कारण असलेला तिचा भूतकाळ हळूहळू लकब बनतो. मीराची अडचण वेगळी आहे. तिचा भूतकाळ म्हणजे एक घटना आहे: दहा वर्षांपूर्वीची ताटातूट. घटना उलगडता येते, समजावून सांगता येते, माफ करता येते. सवय अशी सुटत नाही. त्यामुळे संयत अभिनय असूनही मीरेपेक्षा आसावरीच अधिक वास्तव वाटते.

तुलनेसाठी २०२० मधील ‘फाइंड युवरसेल्फ’ ही चिनी मालिका पाहता येईल. तिची नायिका बत्तीस वर्षांची आहे आणि तिच्याच कार्यालयात उमेदवारीसाठी आलेला नायक तिच्याहून दहा वर्षांनी लहान आहे. ज्या देशात २००७ मध्ये शिक्षण मंत्रालयानेच ‘उरलेल्या स्त्रिया’ अशा अर्थाचा शब्द अधिकृत शब्दसूचीत घेतला, तेथे हे धाडसच म्हटले पाहिजे. ही नायिका संबंध लपविते, डगमगते आणि मधल्या टप्प्यावर वयाने व पदाने ‘शोभणाऱ्या’ पुरुषाकडे वळतेही. तिचे हे डगमगणे प्रेक्षकाला चीड आणते. परंतु लोकापवादाची किंमत मोजणारी व्यक्ती अशीच वागेल, हे नाकारता येत नाही.

येथे वास्तवतेचा दुसरा आणि अधिक अवघड प्रश्न उपस्थित होतो. हे वास्तव कोणाचे? कोरपन्यात, सिमेंटच्या कारखान्यांनी आणि कापसाच्या शेतांनी वेढलेल्या या सीमेवरच्या तालुक्यात, वर्गात या मालिकेची चर्चा चालू असताना एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, आमच्यात त पाट लागतेच. यात येवढं रडाले काय झालं?” हा प्रश्न भाबडा नाही. विधवेचा पुनर्विवाह ही पांढरपेशा कुलकर्णी कुटुंबात क्रांती ठरते; बहुजन आणि आदिवासी समाजांत तो पूर्वापार चालत आलेला आहे. अर्थात म्हणून तो सोपा आहे असे नाही. पाटाला लग्नाची प्रतिष्ठा नसते आणि ‘लग्नाची’ व ‘पाटाची’ हा भेद बोलण्यात टिकून राहतो. पहिल्या नवऱ्याची मुले कोणाकडे राहणार, त्याच्या शेतावर तिचा हक्क उरणार का, हे प्रश्न तेथे प्रथम येतात आणि मनाचा प्रश्न मागून येतो.

कायद्याचा इतिहासही हेच सांगतो. १८५६ च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्याने विवाहाला मान्यता दिली. मात्र पुनर्विवाह करताच मृत पतीच्या मिळकतीवरील तिचा हक्क, जणू ती स्वतःच मरण पावली असावी अशा रीतीने, संपुष्टात येई. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेच्या वाट्याला पूर्ण मालकी दिली आणि जुना कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. प्रौढ स्त्रीच्या प्रेमाची गाठ मिळकतीशी किती घट्ट बांधलेली आहे, हे यावरून ध्यानात येते. मालिकेत मात्र अभिजित सधन आहे, उदार आहे आणि आसावरीला कोठे राहावे, काय खावे याची चिंता नाही. तेथे कथेचे सारे वजन संमतीवर पडते: सासरे होकार देतील का, मुलगा मान्य करील का. आसावरीच्या हक्कावर ते पडत नाही. वर्षांनी घडविलेली स्त्री अशा जगात आणून ठेवली आहे की जेथे खरे अडथळे आधीच दूर केलेले आहेत.

मराठी साहित्याने हे अडथळे पूर्वीच ओळखले होते. विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने १९३३ मध्ये शिक्षित, अविवाहित स्त्रियांची घुसमट मांडली, तेव्हा उसळलेला गदारोळ केवळ शृंगाराच्या उल्लेखांमुळे नव्हता. लग्नाचे वय उलटून चाललेल्या स्त्रीलाही इच्छा असते आणि तिची इच्छा कुटुंबाच्या व्यवहारात अडकलेली असते, हे लेखिकेने एकत्र सांगितले होते. आजच्या मालिकांनी त्यातला पहिला अर्धा भाग घरोघरी पोचविला, आणि ही गोष्ट लहान नव्हे. दिवाणखान्यात बसून सासूच्या लग्नाला टाळ्या देणारा प्रेक्षक तयार होणे, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. दुसरा अर्धा भाग त्यांनी सोडून दिला आहे. प्रौढ नायिकेची वास्तवता मापताना, तिच्या केसांत पांढरे किती दिसतात याबरोबरच, ज्या घरातून ती निघते त्या घरात तिचे काय होते आणि जाताना ती काय सोडून जाते, हेही समीक्षेने विचारावयास हवे. त्या विद्यार्थिनीने नेमके हेच विचारले होते.