व्हिडिओची कल्पना आणि राजशेखराचा 'अर्थहरण'विचार : मराठी समाजमाध्यमनिर्मितीच्या संदर्भात

प्रस्तावना

समाजमाध्यमांसाठी व्हिडिओ तयार करणाऱ्या व्यक्तीला दर आठवड्याला, पुष्कळदा दररोज, एकाच प्रश्नाला सामोरे जावे लागते : आता कशावर व्हिडिओ करायचा? चित्रीकरण, प्रकाशयोजना, संकलन ही कौशल्ये शिकता येतात. साधने विकत किंवा भाड्याने घेता येतात. कल्पना मात्र सुचावी लागते. या गरजेतून 'व्हिडिओसाठी शंभर विषय' अशा धर्तीच्या याद्या, कार्यशाळा आणि मार्गदर्शनपर व्हिडिओ यांचे एक स्वतंत्र क्षेत्रच उभे राहिले आहे. माध्यमविषयक अभ्यासक्रम शिकविणाऱ्या महाविद्यालयांतही विद्यार्थ्यांकडून चॅनेल चालविण्याचे प्रात्यक्षिक करून घेताना अशा याद्यांचा आधार घेण्याचा मोह होतो.

यादीतून निवडलेली कल्पना ही तयार वस्तूसारखी असते, ती कोणीही उचलावी आणि कोठेही मांडावी, असे या मार्गदर्शनात गृहीत धरलेले असते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी केली आहे. संस्कृत काव्यशास्त्रात 'कवीला विषय कोठून मिळतो' आणि 'दुसऱ्याचा विषय घेणे कितपत योग्य' या दोन्ही प्रश्नांचा जो सूक्ष्म विचार झाला आहे, त्याच्या आधारे काही परिचित मराठी व्हिडिओनिर्मितींचे परीक्षण करणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

याद्या एकसारख्या का असतात?

२३ एप्रिल २००५ रोजी यूट्यूबवर आलेला पहिला व्हिडिओ अवघा १९ सेकंदांचा होता. प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून एक तरुण त्यांच्या सोंडेविषयी दोन वाक्ये बोलतो, एवढाच त्याचा आशय. कल्पना म्हणून आज ती कोणत्याही यादीत टिकणार नाही. त्यानंतरच्या काळात कल्पनेची कसोटी व्यासपीठाने ठरविलेल्या मापनाशी जोडली गेली. २०१२ मध्ये यूट्यूबने व्हिडिओ किती वेळा उघडला यापेक्षा तो किती वेळ पाहिला गेला याला अधिक महत्त्व देण्यास सुरुवात केली. २०१८ मध्ये जाहिरातींच्या उत्पन्नासाठी किमान १,००० सबस्क्राइबर आणि वर्षभरात ४,००० तासांचे दर्शन अशी अट आली. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि त्यानंतरच्या काही महिन्यांतच इन्स्टाग्रामचे रील्स व यूट्यूबचे शॉर्ट्स येथे सुरू झाले. त्यामुळे पहिल्या काही सेकंदांतच प्रेक्षकाला धरून ठेवण्याची सक्ती अधिक तीव्र झाली.

या मापनातून 'हुक'ची संकल्पना प्रबळ झाली. आरंभीचे एक वाक्य किंवा दृश्य असे हवे की, बोट पडद्यावर थबकले पाहिजे. आरंभाचे महत्त्व कोणत्याही कलेला नवे नाही. नवे आहे ते याचा उपयोग निवडीची चाळणी म्हणून होणे. जी कल्पना तीन सेकंदांत सांगता येत नाही ती मुळातच बाद ठरते. परिणामी स्पर्धा, आव्हान, तुलना, धक्का आणि 'आधी-नंतर' एवढ्याच साच्यांत बसणारे विषय शिल्लक राहतात आणि सगळ्या याद्या एकमेकींच्या प्रती वाटू लागतात.

याचा फटका सर्वाधिक बसतो तो तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला. आठवडे बाजार, गावची जत्रा, ऊसतोडीच्या हंगामात बदलणारी शाळा, एस.टी.ची शेवटची गाडी हे त्याच्या अनुभवातील विषय यादीत आढळत नाहीत. त्यामुळे ते विषयच नव्हेत, अशी त्याची समजूत होते. आपल्या भोवतालाकडे 'न चालणारा माल' म्हणून पाहण्याची ही सवय माध्यमशिक्षणाच्या दृष्टीने चिंतेची आहे.

राजशेखराची चौकट

इ. स. ९०० च्या सुमारास कनोजच्या प्रतिहार राजांच्या आश्रयास असलेल्या राजशेखराचा 'काव्यमीमांसा' हा ग्रंथ कविशिक्षेचा ग्रंथ आहे. राजशेखर यायावर कुळातील असून त्याच्या पूर्वजांचा महाराष्ट्राशी संबंध होता. काव्य कसे असावे याबरोबरच कवीने दिवस कसा घालवावा, विषय कोठून घ्यावा, उसनवारी कशी ओळखावी, अशा व्यवहारी प्रश्नांची चर्चा तो करतो. आजच्या मार्गदर्शनपर साहित्याशी त्याची तुलना होऊ शकते ती यामुळेच.

काव्यार्थाच्या उगमांना तो 'काव्यार्थयोनी' म्हणतो. श्रुती, स्मृती, इतिहास, पुराण, शास्त्रे, लोकव्यवहार इत्यादी बारा योनी पूर्वाचार्यांनी सांगितल्या होत्या. राजशेखराने त्यांत चारांची भर घालून ती संख्या सोळा केली. ही भर लक्षणीय आहे. उचितसंयोग, योक्तृसंयोग, उत्पाद्यसंयोग आणि संयोगविकार ही त्या चारांची नावे पाहिली असता असे दिसते की, त्याने विषयांचे नवे कोठार दाखविलेले नाही. असलेल्या गोष्टी एकमेकींशी जोडण्याच्या रीती त्याने दाखविल्या आहेत. कल्पना म्हणजे संयोग, हे सूत्र त्यातून हाती येते.

दुसऱ्याचा अर्थ घेण्याच्या प्रकारांची त्याने केलेली मांडणी आजच्या 'ट्रेंड'च्या चर्चेला थेट लागू पडते. आशय तोच ठेवून फक्त मांडणी बदलणे म्हणजे 'प्रतिबिंबकल्प' हरण. काही तपशिलांवर संस्कार करून आशय वेगळा भासविणे म्हणजे 'आलेख्यप्रख्य'. विषय भिन्न असूनही दोन रचना दोन सारख्या देहांप्रमाणे भासणे म्हणजे 'तुल्यदेहितुल्य'. मुळाशी ऐक्य असूनही रचना सर्वस्वी निराळी होणे म्हणजे 'परपुरप्रवेशसदृश'. यांपलीकडे जो अर्थ कोणाकडूनही घेतलेला नाही तो 'अयोनी'. प्रतिबिंबकल्प त्याज्य आहे, याविषयी राजशेखराला शंका नाही. मात्र उसनवारी सरसकट निषिद्ध, असेही तो मानत नाही.

एक उदाहरण घेता येईल. जिमी डोनाल्डसन या अमेरिकी निर्मात्याने जानेवारी २०१७ मध्ये कॅमेऱ्यासमोर एकापासून एक लाखापर्यंत मोजत बसण्याचा व्हिडिओ प्रसिद्ध केला. दुसऱ्या कोणी तीच मोजणी दोन लाखांपर्यंत नेली, तर ते प्रतिबिंब होय. मोजणीऐवजी एखादा शब्द तितक्याच वेळा उच्चारला, तर ते आलेख्य होय. याद्यांतील बहुसंख्य सूचना या पहिल्या दोन पातळ्यांवरच थांबतात.

मराठी उदाहरणे

'आपली आजी' हे चॅनेल २०२०च्या सुमारास लोकप्रिय झाले. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे त्यात पाककृती दाखवितात. मुलाखतींतून पुढे आलेली हकीकत अशी : नातवाने पावभाजी करण्याचा आग्रह धरला, आजीला ती माहीत नव्हती. नातवाने काही व्हिडिओ दाखविले तेव्हा आपण याहून चांगली करू शकू, असे आजीला वाटले. पुढे या चॅनेलचा जन्म झाला. यादीच्या दृष्टीने पाहता 'पाककृती दाखविणे' ही सर्वांत झिजलेली कल्पना आहे. तरीही येथे ती ताजी वाटते, कारण नातवाची शहरी चव आणि आजीचा गावाकडील हात यांचा संयोग घडला आहे. पाककृती सर्वांची, स्वयंपाकघर आणि बोली मात्र आजीची. हे परपुरप्रवेशाचे सहज उदाहरण होय. येथे कल्पना शोधली गेलेली नाही. घरातील एका मतभेदाकडे लक्ष गेले, एवढेच.

दुसरे उदाहरण २०१६ मध्ये स्थापन झालेल्या 'भारतीय डिजिटल पार्टी' अर्थात 'भाडिपा'चे आहे. अमेय वाघ व निपुण धर्माधिकारी यांच्या 'कास्टिंग काउच' या मालिकेत मुलाखतीचेच विडंबन होते. यजमानांनीच मुलाखतीचा बोजवारा उडविण्याचा हा घाट २००८ मध्ये सुरू झालेल्या 'बिट्वीन टू फर्न्स' या अमेरिकी कार्यक्रमामुळे परिचित झाला होता. मराठीत तो आणताना चित्रपटसृष्टीतील ओळखीपाळखी, मराठी मध्यमवर्गीय संकोच आणि इंग्रजीमिश्रित बोलणे यांची जोड मिळाली, त्यामुळे तो आलेख्याच्या पुढे गेला. परंतु याच निर्मितीतून संयोगाची मर्यादाही दिसते. चित्रपटव्यवसायातील शोषणवाचक शब्दप्रयोगावर बेतलेले शीर्षक २०१६ मध्ये खोडकर वाटले असेल. २०१८ मध्ये 'मी टू'च्या निमित्ताने स्त्रियांचे अनुभव पुढे आल्यानंतर ते तितक्या निर्धास्तपणे वाचता येत नाही. राजशेखराने 'संयोग' या शब्दामागे 'उचित' हे विशेषण जोडले आणि पुढे अकराव्या शतकात क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित मानले. हे औचित्य प्रेक्षकसमाजाबरोबर बदलत असते, याची आठवण हे उदाहरण करून देते.

तिसरे उदाहरण 'कोरी पाटी प्रॉडक्शन'च्या 'गावाकडच्या गोष्टी' या मालिकेचे आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या प्रसिद्ध कथासंग्रहाचे नावही हेच. मालिकेची कथानके स्वतंत्र आहेत, तथापि शीर्षक ऐकताच ग्रामीण कथेची परंपरा मराठी प्रेक्षकाच्या मनात जागी होते. भिन्न विषय असूनही कूळ एक वाटावे, असे तुल्यदेही नाते येथे आढळते. अशा कल्पनेचा लाभ असा की, ती एका व्हिडिओत संपत नाही. गावातील माणसे आणि त्यांचे संबंध नवे भाग पुरवीत राहतात. मात्र या यशानंतर आलेल्या ग्रामीण वेब मालिकांच्या गर्दीत सरपंच, दारुडा, प्रेमात पडलेला बेकार तरुण ही ठरावीक पात्रे वारंवार भेटू लागली. मूळ कल्पनेतील निरीक्षण गळून पडले आणि साचा उरला. तुल्यदेहितुल्य पातळीवरून प्रतिबिंबाकडे होणारी ही घसरण मराठी साहित्याला नवी नाही. ग्रामीण कथेच्या यशानंतरही इरसाल पात्रांची अशीच लाट आली होती.

यंत्राने सुचविलेली कल्पना

२०२४ मध्ये यूट्यूबने निर्मात्यांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित कल्पनासूचक सुविधा जाहीर केली. विषय, शीर्षक, थंबनेल आणि रूपरेषा यांच्या सूचना त्यातून मिळू शकतात. या सुविधेचा सरसकट धिक्कार करण्याचे कारण नाही. एकट्याने काम करणाऱ्यास तिची मदत होऊ शकते. परंतु अशी यंत्रणा पूर्वी जे निर्माण झाले व पाहिले गेले त्यावरूनच शिकते. म्हणजे ती स्वभावतः प्रतिबिंब आणि आलेख्य या पातळ्यांवर निपुण असते. सारोळा कासारच्या स्वयंपाकघरात पावभाजीवरून काय बोलणे झाले, हे तिला ठाऊक असण्याचा संभव नाही. यंत्र योनी दाखवू शकेल, पण योक्ता म्हणजे जोडणारा हा निर्माताच राहतो.

अध्यापनाच्या दृष्टीने

राजशेखराने कवीच्या दिवसाचे प्रहरांत विभाजन केले आहे. पहिला प्रहर विद्यांच्या अनुशीलनासाठी, दुसरा रचनेसाठी, तिसरा काव्यगोष्टीसाठी आणि चौथा सकाळी रचलेल्याच्या परीक्षेसाठी. ही परीक्षा एकट्याने किंवा मोजक्या मंडळींत करावयाची असते. व्हिडिओच्या व्यवसायात या क्रमातील दुसराच प्रहर शिल्लक राहिला आहे आणि परीक्षा आकड्यांकडे सोपविली गेली आहे. वर्गात हा क्रम पूर्ववत करता येणे शक्य आहे. विद्यार्थ्याने प्रथम आठवडाभर आपल्या परिसरातील बोलणी, भांडणे, सवयी यांची नोंदवही ठेवावी. त्यातील एक नोंद एखाद्या परिचित व्हिडिओप्रकाराशी जोडावी. ही जोडणी चार पातळ्यांपैकी कोणत्या पातळीची झाली हे वर्गात तपासावे आणि चित्रीकरण त्यानंतरच करावे. मूल्यमापनात पाहिले गेलेले तास गणले जाऊ नयेत. प्रतिबिंबापासून विद्यार्थी किती दूर गेला आणि संयोग उचित झाला की नाही, हे दोन प्रश्न पुरेसे आहेत.

या भूमिकेवर एक रास्त आक्षेप घेता येतो. उत्पन्नासाठी व्हिडिओ करणाऱ्यास आकडे टाळता येत नाहीत, आणि नावीन्याची वाट पाहत बसल्यास चॅनेल बंद पडेल. हा आक्षेप मान्य केला तरी वरील उदाहरणांतून मिळणारे उत्तर त्याच्या विरोधात जात नाही. तिन्ही निर्मिती लोकप्रिय ठरल्या आणि त्यांतील एकीचीही कल्पना 'अयोनी' म्हणजे पूर्णतः अपूर्व नाही. त्यांच्या यशाला अपूर्वतेची गरज भासली नाही, जोडणी अचूक असणे पुरले.

समारोप

आकर्षक कल्पना सुचविण्याच्या याद्या विषय देतात, परंतु विषयाला ज्याच्याशी जोडावयाचे ते देऊ शकत नाहीत. ते निर्मात्याच्या घरात, गल्लीत, बोलीत असते. राजशेखराची परिभाषा आजच्या व्हिडिओला लावताना काळाचे अंतर मोठे आहे हे खरे, तथापि नक्कल, संस्कार, साम्य आणि रूपांतर यांतील भेद दाखविणारी इतकी नेमकी परिभाषा सध्याच्या माध्यमविषयक मार्गदर्शनात अभावानेच आढळते. मराठीच्या अध्यापकाकडे ती परंपरेने आलेली आहे. माध्यमशिक्षणाच्या वर्गात तिचा वापर झाल्यास आठवडे बाजाराजवळ राहणाऱ्या विद्यार्थ्याला विषयासाठी यादीकडे धावावे लागणार नाही, कारण तो बाजार हाच विषय होऊ शकतो, हे त्याला वर्गातच कळलेले असेल.