धुरंधरांची चित्रकला : एका मूल्यमापनाचा पुनर्विचार

रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांच्या कलेविषयी दोन मते रूढ आहेत. एका मताने ते पौराणिक व ऐतिहासिक चित्रांचे श्रेष्ठ चित्रकार ठरतात. दुसरे मत त्यांना केवळ ‘कथाचित्रकार’ म्हणून बाजूस सारते. ही मते परस्परविरोधी दिसतात, परंतु दोहोंच्या मुळाशी गृहीत एकच आहे. ते म्हणजे, मोठा विषय तीच मोठी कला, आणि पुस्तकातील चित्र हे दुय्यम काम. हे गृहीत तपासून पाहिले पाहिजे.

कोल्हापुरात जन्मलेले धुरंधर १८९० मध्ये मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि १९३१ मध्ये तेथूनच अध्यापकीय सेवेतून निवृत्त झाले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांच्या आत्मचरित्राचे नावच त्यांच्या आयुष्याचा आलेख होय. ग्रिफिथ्स यांच्या काळात तेथे मिळालेल्या वास्तववादी शिक्षणाने त्यांना मानवाकृतीवर प्रभुत्व दिले. मात्र औंध संस्थानच्या आश्रयाने काढलेल्या शिवचरित्रपर चित्रांत, किंवा पौराणिक तैलचित्रांत, हे प्रभुत्व पुष्कळदा रंगभूमीवरील मांडणीचे रूप घेते. पात्रे प्रसंग जगत नाहीत, तो सादर करतात.

याउलट १८९५ मध्ये बाँबे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळविणारे त्यांचे चित्र ‘हॅव यू कम, लक्ष्मी?’ ह्या नावाचे होते. नाव इंग्रजी असले, तरी त्यातून घरातलेच बोलणे ऐकू येते. पुढे एडवर्ड्स यांचे ‘बायवेज ऑफ बाँबे’ (१९१२), किंकेड यांनी आपल्या कहाण्यांना दिलेले इंग्रजी रूप ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ (१९१४) आणि रॉथफेल्ड यांचे ‘विमेन ऑफ इंडिया’ ही पुस्तके त्यांच्या चित्रांनी सजली. रॉथफेल्ड यांचा ग्रंथ स्त्रियांची जातिप्रांतवार वर्गवारी करतो. धुरंधरांची रेषा त्या वर्गवारीच्या आज्ञेत असूनही तिच्यात मावत नाही. लुगड्याचा चापूनचोपून घातलेला कासोटा, डोक्यावरील ओझ्याने बदललेली चाल, वळून पाहताना ताणलेला खांदा यांतून नमुना मागे पडतो व व्यक्ती पुढे येते. विसाव्या शतकाच्या आरंभी छापल्या गेलेल्या त्यांच्या विनोदी पोस्टकार्डांतही हीच दृष्टी आहे.

तेव्हा पुस्तकचित्रे हा धुरंधरांच्या प्रतिभेचा उतार नव्हे, ते तिचे स्वक्षेत्र होय. मोठ्या फलकावर जे शिकलेले वाटते, ते लहान कागदावर पाहिलेले वाटते.

ह्या दृष्टीला साधनांचा आधार मिळाला तो मुंबईच्या उपनगरात. खार येथील ‘अंबासदन’ ह्या वास्तूत त्यांच्या कन्या, चित्रकार अंबिका धुरंधर (१९१२–२००९) यांनी पित्याचा कलासंचय दीर्घकाळ सांभाळला. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरलेल्या सिंहावलोकनी प्रदर्शनात तैलचित्रांबरोबर रेखाटने व मुद्रित चित्रेही एकत्र पाहता आली. अशा एकत्र दर्शनानंतर ‘चित्रकार की कथाचित्रकार?’ हा प्रश्न फिजूल ठरतो. धुरंधरांच्या रेषेने काय पाहिले, हा खरा प्रश्न आहे. आणि अभ्यासकांनी त्याकडे वळावयास हवे.